शिंगाळ्याच्या मिशा

५ जानेवारी, सोमवार

अनिरुद्धचा सकाळीच फोन. त्याचं पुस्तक नक्की झालं. मुंबईच्या किनाऱ्यावर मिळणारे मासे, प्रत्येकाचं कोळीवाड्यातलं नाव, थोडी माहिती आणि शेजारी पानभर रेखाचित्र. चित्रं सगळी माझी.

मत्स्यसंशोधन संस्थेत असताना मी जन्मभर मासेच काढले, पण ते अहवालांत गेले. वाचणारे चार शास्त्रज्ञ, तेही मान खाली घालून. हे पुस्तक दुकानात मिळणार, मुलं बघणार. अनिरुद्ध माझ्यासमोर नवा संशोधक म्हणून रुजू झाला होता, आता त्याचीच दाढी पिकायला लागलीय. म्हणाला, "ताई, तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही." खोटं असेल, पण गोड वाटलं.

मी आधी पेन्सिलने कागदावर मासा काढते, तो स्कॅन करते आणि मग कॉम्प्युटरवर माऊसने त्यावरून स्वच्छ रेघ ओढते. आमची स्वरदा बंगळूरहून सांगत असते, "आई, आता ते पेनवालं टॅबलेट घे गं." वापरून पाहिलंय. हात एकीकडे आणि रेघ भलतीकडेच. माऊसचंही तसंच असतं हे मला मान्य आहे, पण सवय ती सवय.

नवरोबा खूश. देवव्रत संध्याकाळी वायरलेस माऊस घेऊन आला. जुन्याची वायर तुटायला आली होती, मी रबरबँड बांधून चालवत होते. मला न विचारता त्याने तो कचऱ्यात टाकलासुद्धा. "पुस्तकाची चित्रकार आहेस तू आता," म्हणाला. "रबरबँड शोभत नाही."

९ जानेवारी, शुक्रवार

नवा माऊस झकास. पापलेट संपलं. मुलुंड पूर्वेच्या या घरात इतकं निवांत काम कधी केलं नव्हतं. ऊन टेबलावर येतं, खालच्या भाजीवाल्याचा आवाज येतो, बस्स.

स्कॅन फार जड होतात म्हणून आज एक हार्ड डिस्क घेतली. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमागे माऊसचा सिग्नल घेणारा नखाएवढा तुकडा लावलाय, त्याच्या शेजारीच तिची निळ्या तोंडाची वायर खोचली. सगळे मासे आता तिच्यात राहतील. उद्यापासून शिंगाळा.

१२ जानेवारी, सोमवार

शिंगाळ्याला मिशा असतात. लांब, निमुळत्या, तोंडापासून पार पोटापर्यंत गेलेल्या. एका दमात ओढायची रेघ आहे ती. मध्ये थांबलं की मेलेली दिसते.

आज एकही धड आली नाही. पडद्यावरचा बाण मध्येच अडखळतो आणि मग टुणकन पुढे उडी मारतो. मिशीला कोपर फुटल्यासारखं दिसतं.

१४ जानेवारी, बुधवार

बॅटरी बदलली. टेबलाच्या काचेवर माऊस नीट चालत नाही म्हणतात, म्हणून खाली जाड पुठ्ठा घातला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. थोडा वेळ बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

तिळाच्या वड्या थापल्या. कापायला सुरी घेतली तर देवव्रत म्हणाला, "दे, मी कापतो." आजवर याने वडी फक्त खाल्ली आहे. कापल्या त्या पतंगासारख्या, चारी बाजू वेगळ्या. निवृत्त झाल्यापासून याला घरात काहीतरी हवंच असतं करायला.

१७ जानेवारी, शनिवार

हे कुठेतरी लिहिलंच पाहिजे, कारण बोलता येणार नाही.

माझ्या वडिलांचं, अप्पांचंही असंच सुरू झालं होतं. आधी वर्तमानपत्र थरथरायचं आणि ते खिडकीच्या वाऱ्यावर ढकलायचे. मग सही बदलली. बँकेतून चेक परत आला तेव्हा ते पेनाला नावं ठेवत होते. आम्ही दोन वेगळी पेनं आणून दिली. कंपवात हा शब्द घरात यायला वर्ष गेलं. तेव्हा अप्पा माझ्या आताच्या वयापेक्षा थोडेच मोठे असतील.

आणि मी बॅटऱ्या बदलतेय.

पेन्सिलची रेघ तुकड्यातुकड्यांनी होते, तिच्यात कळत नाही. हात टेबलावर ठेवून बघितला. थरथरत नाही. पण अप्पांचाही कोणी बघत असताना थरथरायचा नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात साधा वायरवाला माऊस मिळतो. आणला की पाच मिनिटांत कळेल. दोनदा दुकानापर्यंत जाऊन आले. एकदा कोथिंबीर घेऊन परतले, एकदा नुसतीच. तोही उडाला तर मग काय?

२० जानेवारी, मंगळवार

देवव्रत हल्ली चहा अर्धा कपच देतो. विचारलं तर म्हणाला, "गरम गरम दोनदा पी." काचेचे ग्लास माळ्यावर गेले, स्टीलचे खाली आले. का, तर म्हणे काच घासताना त्याला भीती वाटते. भांडी घासायला बाई येते!

आणि भाकरी. काल मी खाली वाण्याकडे गेले होते, येते तर हा परातीत पीठ घेऊन बसलेला, मोबाइलवर कोणीतरी बाई त्याला शिकवतेय. पीठ कोपरापर्यंत. मी म्हटलं, "अरे, मी मेले का?"

एरवी हसला असता. हसला नाही. "शिकायला काय जातं," एवढंच म्हणाला आणि परत थापायला लागला.

कॉलेजपासून ओळखते याला. नोकरी सुटली की पुरुष बायकोच्या स्वयंपाकघरात राज्य करायला येतात, हे मावशीने सांगितलं होतं, तेव्हा पटलं नव्हतं.

२२ जानेवारी, गुरुवार

शिंगाळा बाजूला ठेवला. बांगडा घेतला. शेपटीजवळचे छोटे पर दातेरी असतात, तिथे रेघ उडाली तरी खपून जाईल असं वाटलं. नाही खपत. मला दिसतं.

स्वरदाचा फोन होता. "बाबा म्हणत होते, तू फार काम करतेस. ठीक आहेस ना?" मी म्हटलं, माऊस त्रास देतोय. ती म्हणाली, "आई, बदलून टाक ना यार, तीनचारशे रुपयांची गोष्ट." या मुलीला सगळं बदलून टाकता येतं.

२४ जानेवारी, शनिवार

अनिरुद्धला आतापर्यंतचे सगळे स्कॅन आणि चित्रं हवी होती. शिंगाळा आणि बांगडा कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, मग त्याचा माणूस हार्ड डिस्क घेऊन गेला, मंगळवारी परत आणून देईल.

जाताना त्याच्याबरोबर मनही गेलं. अनिरुद्धने एका तरी माशाकडे नीट बघितलं तर त्याला कळेल.

२५ जानेवारी, रविवार

आज काय झालं कुणास ठाऊक! शिंगाळा उघडला आणि डावी मिशी एका दमात आली. उजवी पण. मी श्वास रोखून बसले होते. मग हनुवटीखालच्या छोट्या मिशा, मग कल्ले, मग पाठीवरचा काटा. दुपारी जेवायलाही उठवेना.

विचार केला, वेगळं काय केलं? परवापासून भाजी देवव्रत चिरतोय, मी हाताला विश्रांती दिली. तेच असणार. म्हणजे हात थकतो, विश्रांतीने भरून येतो. अप्पांचं असं नव्हतं. निदान मला आठवत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

काल सोसायटीत झेंडावंदन झालं, तरी सकाळ-संध्याकाळ काम केलं. शिंगाळा पूर्ण. बांगडाही दुरुस्त झाला. मी गाणं म्हणत होते असं देवव्रत म्हणतो. दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. मी "काय?" म्हटलं तर "काही नाही. छान चाललंय," म्हणाला आणि आत जाऊन नाक शिंकरलं. सर्दी झालेली दिसते.

डिस्क परत आली. अनिरुद्धचा निरोप, सगळं सुरेख आहे. उद्यापासून रावस.

२९ जानेवारी, गुरुवार

पुन्हा सुरू.

रावसाला छातीपाशी मोकळे तंतू असतात, केसासारखे. काल दिवसभर ओढले, दिवसभर पुसले. आज सकाळी हाताला काहीच काम दिलं नाही, अगदी वेणीसुद्धा सैल घातली. तरी तेच. मधले तीन दिवस म्हणजे दिवा विझताना मोठा होतो तसे होते का?

३१ जानेवारी, शनिवार

अनिरुद्धला लिहून ठेवलं मोबाइलमध्ये. "घरगुती अडचणीमुळे हे काम पुढे नेता येणार नाही. तुमच्या ओळखीत एखादी तरुण चित्रकार असेल तर तिला द्यावं. केलेली चित्रं वापरायला हरकत नाही." पाठवलं नाही. आधी डॉक्टर. सोमवारी दुपारची वेळ मिळाली आहे. देवव्रतला सांगितलं, बँकेत जाते. तो म्हणाला, येतो बरोबर. म्हटलं, कशाला, लॉकरचं काम आहे.

जिन्यात हल्ली माझं कोपर धरतो. मी म्हातारी दिसायला लागले आहे, दुसरं काय.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

डॉक्टर माझ्याहून बरीच लहान, शांत बाई. चालायला लावलं, वळायला लावलं. माझं मनगट हातात घेऊन हळूहळू फिरवलं. अंगठा आणि बोट भराभर टेकवायला सांगितलं. मग कोरा कागद आणि पेन दिलं.

"गोगलगायीच्या शंखासारखं गोल गोल काढा. हात टेकवायचा नाही."

शंख तर मी पोटासाठी काढलेत. मी काढला. आतून बाहेर, एकसारख्या अंतराने. सवयीने तोंडही काढायला निघाले होते, तिने थांबवलं.

ती कागद बघत राहिली. "मला कंपवाताचं एकही लक्षण दिसत नाही," म्हणाली. "तुम्हाला थरथर कुठे जाणवते? कप धरताना? बटण लावताना?"

"कॉम्प्युटरवर," मी म्हटलं.

"म्हणजे कॉम्प्युटरवर काम करताना हात थरथरतो?"

"हात नाही. रेघ."

तिने पेन खाली ठेवलं. हसू येत होतं ते तिने आवरलं, मला दिसलं. "दुसऱ्या माऊसने काढून बघितलंत?"

मी नाही म्हटलं. का नाही, ते तिने विचारलं नाही. बहुतेक तिला कळलं असावं.

रिक्षात बसले तरी सुटल्यासारखं वाटेना. अप्पांनाही पहिल्या डॉक्टरने वयाचं कारण सांगून घरी पाठवलं होतं.

किल्लीने दार उघडलं. घरात शांतता. आतल्या खोलीत बघते तर देवव्रत माझ्या खुर्चीत, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं, माऊस गच्च धरलेला. आणि पडद्यावर माझा रावस. त्याच्या अंगावर काळ्या रेघांचं रान माजलेलं. डोळ्यावर, पोटावर, शेपटीतून आरपार. दोन दिवसांचं काम!

"देवव्रत! काय केलंस हे?"

तो दचकून उठला, खुर्ची मागे पडली. मला वाटलं आता माफी मागेल. तर त्याचा चेहरा असा फुललेला.

"उत्तरा, उडतोय! माझ्या हातातपण उडतोय!"

"अरे पण रावस..."

"रावस गेला खड्ड्यात. इकडे बस. बघ." पुन्हा माऊस धरला, सावकाश रेघ ओढली. बाण अडखळला आणि टुणकन उडाला. तसाच, अगदी माझ्यासारखा. "बघितलंस? मघापासून ओढतोय. आधी वाटलं माझंच चुकतंय. मग डाव्या हाताने ओढली. तरी उडतो! तुझा हात नाहीये गं. हा माऊस आहे."

मी म्हटलं, "माझा हात आहे असं तुला कोणी सांगितलं?"

त्याने पडलेली खुर्ची उभी केली. मग म्हणाला, "तू हल्ली जेवताना हाताकडे बघत बसतेस. अप्पा बघायचे तसं."

मी पर्समधून तो शंखाचा कागद काढून त्याच्यापुढे धरला. डॉक्टरच्या नावाचा शिक्का होता वर. त्याने शिक्का वाचला, शंख बघितला, परत शिक्का वाचला. "बँक," म्हणाला फक्त.

मग आम्ही दोघंही हसायला लागलो आणि मला रडू फुटलं आणि त्यालाही. शेजारच्या वनमालाताई बेल वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक ना. ठीक आहे म्हटलं, रावस बिघडला. त्या म्हणाल्या, फ्रीजमध्ये नव्हता का ठेवला?

३ फेब्रुवारी, मंगळवार

आता भीती गेली आणि राग आला. आज त्या माऊसचा छडाच लावायचा ठरवला.

संस्थेत मासा ओळखताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बघायचो. आधी पर, मग खवले, मग दात. तसंच केलं. एक गोष्ट बदलायची आणि एक लांब सरळ रेघ ओढायची. देवव्रत शेजारी बसून बदल करणार, मी रेघ ओढणार. पुठ्ठा काढून वही ठेवली, उडाला. वायफायचा डबा हॉलमध्ये नेऊन ठेवला, उडाला. देवव्रत टेबलाखाली शिरून तो नखाएवढा तुकडा दुसऱ्या भोकात लावायला गेला, तर त्याचं बोट आत जाईना.

"इथे ही तुझी डिस्क आडवी येतेय. काढू का?"

"काढ. बाजूला ठेव."

रेघ ओढली. सुतासारखी आली, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अजून भोक बदललं नाही मी," देवव्रत टेबलाखालून म्हणाला.

"लाव परत डिस्क."

लावली. उडाला. काढली. सरळ. लाव, काढ, लाव, काढ. बिचाऱ्याची कंबर धरली, पण थांबायला दोघंही तयार नव्हतो.

आणि मग मला ते तीन दिवस आठवले. शिंगाळा एका दमात झाला ते. डिस्क तेव्हा अनिरुद्धकडे होती! मी हाताला विश्रांती दिली म्हणून खूश होते, आणि हा माणूस तेवढ्यासाठी ढीगभर मटार सोलत बसला होता.

स्वरदाला फोन लावला. तिने तिथे कोणालातरी विचारून सांगितलं. असल्या वेगवान डिस्कच्या वायरीतून एक प्रकारचा गोंगाट बाहेर पडतो. माऊस हवेतून जे बोलतो ते त्या गोंगाटात त्या चिमुकल्या तुकड्याला ऐकूच येत नाही. त्यातून तो कॅबिनेटच्या मागे, पत्र्याआड. बाजारात भर दुपारी कुजबुजावं तसं. उपाय, दोघांना लांब ठेवा. हातभर वायर मिळते, तिच्या टोकाला तुकडा लावून तो माऊससमोर टेबलावर आणा.

देवव्रत तेव्हाच चप्पल घालून गेला आणि वायर घेऊन आला. डिस्क मागे, तुकडा पुढे, माझ्या चहाच्या कपाशेजारी. उडाला नाही.

अनिरुद्धला लिहिलेला तो मजकूर पुसून टाकला.

९ फेब्रुवारी, सोमवार

रावस पुन्हा पहिल्यापासून केला. पहिल्यापेक्षा बरा झाला, हे देवव्रतला सांगितलेलं नाही, नाहीतर सगळ्या माशांवर रेघा मारत सुटेल.

चहा आता कपभर मिळतो. काचेचे ग्लासही खाली आले. काच घासायची त्याची भीती कशी गेली कोण जाणे. भाकरी मात्र त्याने सोडली नाही. आज फुगली. मला हाक मारून दाखवली, मग स्वरदाला फोटो पाठवला, मग वनमालाताईंना एक नेऊन दिली. मी म्हटलं, आता माझी वेळ पडली तरी मी थापणार नाही. तो म्हणाला, "थापू नकोस. तू मासे काढ."

२१ फेब्रुवारी, शनिवार

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला गेलो, दोघंही. अनिरुद्ध तिथेच भेटला. चित्रं मोठ्या कागदावर छापून आणली होती त्याने. पुस्तकातली कोळी नावं सपनाने दिली आहेत, तिला दाखवायची होती. सपना तिथलीच, धक्क्याजवळ मासे विकायला बसते, बोलते धडाधड. नाव चुकलं तर अनिरुद्धलाही ऐकवते.

तिने हात पुसले, कागद मांडीवर घेतले आणि एकेक मासा बघायला लागली. मी इतकी घाबरले नव्हते त्या डॉक्टरसमोरही. पापलेट उलटलं. बांगडा उलटला. शिंगाळ्यापाशी थांबली. मिशीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली, मग डोळ्याजवळ कागद नेला.

"ताजा हाय," म्हणाली.

शेजारच्या बायकांनी माना पुढे काढल्या. "डोळा बघ ना," सपना त्यांना दाखवत होती. "आजचाच हाय. बर्फातला न्हाय."

अनिरुद्ध माझ्याकडे बघून हसला. देवव्रतने चष्मा काढून पुसायला घेतला, इतका वेळ पुसत होता की शेवटी मीच त्याच्या हातातून घेतला.

"पन बोंबील कुठंय?" सपनाने विचारलं.

मी म्हटलं, बोंबील शेवटी ठेवलाय. त्याला आकारच नाही, हातात घेतला की गळतो. संस्थेतही तो कधी मनासारखा जमला नाही.

तिने पाटीतून एक बोंबील उचलला आणि माझ्यासमोर फळीवर टाकला. "काढ. मी बसलीय."

पिशवीत वही-पेन्सिल होतीच. खोक्यावर बसले. बायका भोवती गोळा झाल्या, एकीने ऊन येतं म्हणून फडका धरला. खाडीवरून वारा होता, कागद उडत होता, देवव्रतने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. बोंबील फळीवर लोळत होता, त्याचं तोंड एकीकडे, अंग दुसरीकडे. मी खोडलं नाही. जसा दिसला तसा ओढत गेले.

झाल्यावर मी म्हटलं, "वाकडाच आला गं."

सपनाने मान तिरकी करून फळीवरचा बघितला, मग कागदावरचा.

"असाच असतो," म्हणाली.